व्हर्नाच्या लॉकरचा लिलाव

आमच्या गावात खाटकाच्या दुकानाला लॉकर म्हणतात. पूर्वी घरोघरी फ्रीझर नव्हते, तेव्हा लोक दुकानाच्या थंड खोलीत एकेक कप्पा भाड्याने घेऊन आपलं मांस ठेवायचे. कप्पे कधीच गेले, नाव राहिलं. आणि इतकी वर्षं लॉकर म्हणजे व्हर्ना वेट्टर. "लॉकरमध्ये जाऊन येतो" असं कुणी म्हणतच नसे, "व्हर्नाकडे जाऊन येतो" म्हणत.

व्हर्ना उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला मात्र महाकंजूष. तिचा नवरा यूजीन ट्रॅक्टर उलटून गेला तेव्हा ती तिशीची होती. पोरबाळ नाही. शेत कसायला घेतलेलं, ते मालकाने पेरणीआधी काढून घेतलं. माहेरी ती बापाबरोबर गुरं कापायला शिकली होती, तेवढंच तिच्या हाती. म्हणून ती काउंटीच्या मुख्य गावातल्या बँकेत गेली. तिची गाडी धड नव्हती, म्हणून मी नेलं. पंधरा मिनिटांत बाहेर आली. आतल्या साहेबाने म्हणे विचारलं, बाई माणूस आणि खाटीककाम, आणि तारण काय? येताना अख्ख्या रस्त्यात ती एकच वाक्य बोलली. "बरं झालं ॲर्डिस, आता कुणाला विचारायला नको."

त्यानंतर तिने खरोखरच कुणाला विचारलं नाही. शेताशेतावर गेली, लोकांच्या स्वयंपाकघरात उभी राहिली आणि सांगितलं, तुमचा बैल थंडीत मी कापून देईन, अर्धी मजुरी आज द्या. हे तिच्या मते मागणं नव्हतं. कामाची बोली होती ती, आगाऊ. लोकांनी दिले. त्यातून तिने खिम्याचं यंत्र घेतलं, तेही एका मेलेल्या खाटकाच्या घरच्या लिलावात.

हे मला ठाऊक आहे कारण लिलाव आमचा होता. माझा नवरा डेलबर्ट लिलाव पुकारतो आणि मी गाडीच्या खिडकीत बसून कुणी काय घेतलं ते लिहिते. त्यामुळे व्हर्नाच्या दुकानातली एकूण एक वस्तू मी येताना पाहिली आहे. थंड खोलीच्या भिंती बंद पडलेल्या किराणा दुकानाच्या. वजनकाटा गाढव मरेल इतका जड, तो रेल्वेच्या जुन्या ऑफिसातला. धुरी द्यायचं कपाट म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरातली लोखंडी भट्टी, तिला व्हर्नाने स्वतः मागून नळकांडं जोडलं. पहिले दोन हिवाळे तिच्याकडे हाडं कापायची विजेची करवत नव्हती. हाताने कापायची. मग हरणांच्या शिकारीचा हंगाम आला, शहरातले शिकारी सॉसेज करून घ्यायला रांगेत उभे राहिले आणि त्या हंगामाची करवत झाली. हाडं ती कुत्र्यांच्या खाद्यवाल्याला विकी, चरबी साबणवालीला, कातडी फिरत्या व्यापाऱ्याला. फेकायचं म्हणून काही नव्हतंच.

आमच्याकडे छोटे धंदे असेच उभे राहतात. डेलबर्टने लिलाव पुकारायचा पहिला कर्णा घ्यायला आपले दोन्ही घोडे विकले होते. पण आमचं कसं, जरा बरे दिवस आले की आम्ही पडदे बदलले, एकदा समुद्र बघून आलो. व्हर्नाचं तसं नाही. आलेला डॉलर तिच्या खिशात थांबलाच नाही कधी, दाराने आला की यंत्रात गेला. राहायची दुकानामागच्या दोन खोल्यांत. अंगावर यूजीनचा कोट. मी एकदा म्हटलं, "अगं, निदान कोट तरी नवा घे." तर म्हणाली, "कोट काय कमावतो?"

मग हात गेले. एकदम नाही गेले. आधी बोटांची टोकं पांढरी पडायची, ती कोमट पाण्यात धरून बसायची आणि कामाला लागायची. अशी वर्षं गेली. लिलावाच्या वर्षी उन्हाळ्यात मी चरबी न्यायला गेले होते, ती मांस गुंडाळत होती आणि पांढऱ्या कागदावर रक्त पसरत होतं. मी म्हटलं, "व्हर्ना, रक्त." तिने कागदाकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "कुणाचं?" तिच्या अंगठ्याला हाडापर्यंत काप गेला होता आणि तिला पत्ता नव्हता.

मी ओढून डॉक्टरकडे नेली. डॉक्टरने बोटांत सुई टोचत टोचत मनगटापर्यंत आणली, तेव्हा कुठे तिने "हं" म्हटलं. तो म्हणाला, थंडीतलं काम बंद. आता. आणखी एक हिवाळा केलात तर बोटं कापावी लागतील. "बरं," व्हर्ना म्हणाली, जसं काही त्याने पावाचा भाव सांगितला.

तिची धाकटी बहीण फिलिस ॲरिझोनात राहते, युमाला. तिथे थंडी पडतच नाही. फिलिसच्या शेजारचा म्हातारा आपलं दोन खोल्यांचं चाकांवरचं घर विकत होता, आणि नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत थांबायला तयार होता. व्हर्ना आमच्या घरी आली, कोट न काढता खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "डेलबर्ट, माझं सगळं विकून टाक. दुकान, जागा, यंत्रं, सगळं. शिकारीच्या हंगामाआधी." डेलबर्टने विचारलं, "शिल्लक काही आहे का तुझ्याकडे, मधल्या काळापुरती?" ती म्हणाली, "ते दुकानच माझी शिल्लक आहे."

आणि मला म्हणाली, "का विकतेय ते कुणाला सांगू नकोस. विकलं की मी सांगेन. आत्ता सांगितलं तर सगळे येऊन हात बघत बसतील."

मी नाही सांगितलं. जाहिरात छापली, व्हर्नाच्याच हट्टाने तीत लिहिलं, बोली लागेल त्या भावाला विक्री, किमान भाव नाही. डेलबर्ट नको म्हणत होता. ती म्हणाली, "भाव बांधून ठेवला तर लोकांना वाटेल माझा त्यांच्यावर भरवसा नाही."

आता मिलोबद्दल सांगायला हवं. मिलो रेम्पफर आमच्या धान्याच्या कोठाराचा मॅनेजर. मनाचा लोण्यासारखा आणि डोक्याने तसाच. जाहिरात निघाल्यावर त्याने डोकं चालवलं. व्हर्ना आणि दुकान विकणार? शक्य नाही. कुणीतरी विकायला लावतंय. शिवाय त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बँकेचा माणूस व्हर्नाकडून बाहेर पडताना पाहिला होता, काखेत कागदी पुडकं. म्हणजे बँक दुकान घेतेय. झालं. अरे, त्या पुडक्यात सॉसेज होते. बँकवाल्याच्या मुलीचं लग्न होतं. पण मिलोने कुणाला विचारलं नाही आणि व्हर्ना आपणहून बोलायची नाही.

आमच्याकडे एक जुनी गोष्ट आहे, दुष्काळाच्या दशकातली. बँका शेतं लिलावात काढायच्या तेव्हा शेजारी जमायचे आणि कुणी बोलीच लावायचं नाही. एकजण एक डॉलर म्हणायचा, एक डॉलरला गाय, एक डॉलरला नांगर, आणि संध्याकाळी सगळं ज्याचं त्याला परत. परका कुणी तोंड उघडू लागला तर त्याला धरून त्याच्या गाडीपर्यंत पोचवायचे. मिलोचा आजा त्यात पुढे होता. लग्न असो, मयत असो, मिलो ती गोष्ट सांगितल्याशिवाय जेवणावरून उठत नाही. आमच्या गावाला मोठेपणा मिरवायला दुसरं आहे काय? एक कोठार आणि ती गोष्ट.

लिलावाच्या दिवशी सकाळपासून माणसं आली. इतकी माणसं मी यूजीनच्या मयतालासुद्धा पाहिली नव्हती. चर्चच्या बायकांनी टेबल मांडलं होतं, कॉफी आणि कूखन, म्हणजे आमच्याकडचा जर्मन केक, कस्टर्डचा आणि आलुबुखाराचा. बाहेरचे दोन व्यापारी आले होते. एकजण करवतीचं झाकण उघडून आत बॅटरी मारून बघत होता, म्हणजे पक्का घेणारा. व्हर्ना यूजीनचा कोट घालून, हातमोजे चढवून दारात उभी होती. मला म्हणाली, "बरीच आलीत गं माणसं." मी म्हटलं, "भाव येणार बघ." ती हसली. व्हर्नाचं हसणं मी मोजकंच पाहिलंय, म्हणून लक्षात आहे.

डेलबर्टने सुऱ्यांपासून सुरुवात केली. चांगल्या जर्मन सुऱ्या, सबंध जुडगा. तो पन्नासवरून चाळीसवर आला, वीसवर आला, दहावर आला. सगळे खिशात हात घालून उभे. इतकी शांतता की टेबलावर कप ठेवलेला ऐकू येत होता. मग मागून मिलोचा आवाज आला. "एक डॉलर."

आमच्याकडे पहिली वस्तू कधी कधी अशी जाते, लोक लाजतात. मी लिहिलं. मग आकडे आले, टांगायचे. "एक डॉलर." मग कापायचा लाकडी ओटा, जो चार माणसांना उचलत नाही. "एक डॉलर." मी पेन टाकलं आणि गाडीतून उतरून तडक मिलोकडे गेले.

"मिलो, हे काय चालवलंयस?"

"श्श," तो म्हणाला. त्याचे डोळे भरलेले. "सगळं तिलाच परत देणार आहोत, ॲर्डिस. सगळं ठरलंय."

"अरे मूर्खा, तिला विकायचंय. तिच्या बोटांत जीव राहिला नाहीये. तिला बहिणीकडे जायचंय."

"ती असंच म्हणणार," मिलो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. मला, खांद्यावर. "व्हर्ना कधी मदत मागेल का, तूच सांग. म्हणून तर न मागता करायची."

मी जे म्हणीन ते त्याच्याच बाजूचं ठरत होतं. तेवढ्यात खिम्याच्या यंत्रावर एका व्यापाऱ्याने हात वर केला. हॉइपेल बंधू त्याच्या दोन्ही अंगांना उभे होते, कोठारात पोती उचलणारे. थोरल्याने त्याच्या कोपराला हात लावला आणि अगदी गोडीने म्हणाला, "चला पाहुणे, कॉफी गार होतेय." पाहुण्याने दोघांच्या खांद्यांकडे पाहिलं आणि कॉफीला गेला. दुसरा त्याच्यामागोमाग.

मी डेलबर्टला खूण केली. तो काही बुद्दू नाही, त्याला कळलं होतंच. त्याने माइकवर सांगितलं, "मंडळी, ऐका. ही विक्री खरी आहे. कुणी जबरदस्ती केलेली नाही. बाईला विकायचंय, तुम्ही बोली लावा."

लोक हसले. चांगलं हसले, मायेने. कुणीतरी ओरडलं, "हो रे डेलबर्ट, तुला तसं म्हणावंच लागतं." पुन्हा हसले.

मग डेलबर्ट खाली उतरला, व्हर्नाजवळ गेला आणि माइक तिच्या हातात दिला. तिला दोन्ही हातांनी धरावा लागला. हसणं थांबलं. सगळे तिच्याकडे बघत होते. ज्यांचे बैल तिने अर्ध्या मजुरीवर कापले ते, त्यांची मुलं, त्या मुलांच्या बायका. तिला एवढंच म्हणायचं होतं की मला पैसे हवेत. तीन शब्द. मी मनातल्या मनात तिच्यासाठी ते म्हणत होते. तिचं तोंड उघडलं, मिटलं. मग ती म्हणाली, "आल्याबद्दल आभार. कूखन भरपूर आहे, घ्या."

टाळ्या पडल्या. बायकांनी डोळे पुसले. तिने माइक परत दिला.

डेलबर्ट हळूच म्हणाला, "व्हर्ना, मी थांबवतो. वीज गेली म्हणून सांगतो."

"जाहिरातीत लिहिलंय ना," ती म्हणाली. "बोली लागेल त्या भावाला. चालू ठेव."

मी तिचा दंड धरला. "अगं, सांग ना त्यांना. तू सांगितलंस तर ऐकतील."

"कसं सांगू?" ती म्हणाली. "त्यांचे चेहरे बघ. किती खुशीत आहेत."

मी पाहिले चेहरे. तिचं खरं होतं. पीक बुडालेलं वर्ष होतं ते, गावात महिनोनमहिने कुणी असं ताठ उभं राहिलं नव्हतं.

मग सगळं गेलं. करवत, एक डॉलर. धुरीची भट्टी, वजनकाटा, थंड खोली, एकेक डॉलर. शेवटी जागा आणि इमारत. डेलबर्टचा आवाज तोवर इतका सपाट झाला होता की तो चर्चमध्ये नावं वाचत असल्यासारखा वाटत होता. मी लिहीत होते. मला सुरुवातीला राग आला होता, तो कुठे गेला कळलं नाही. नुसतं लिहीत होते.

मग मिलोने टोपीत गोळा केलेले पैसे माझ्या खिडकीत ठेवले, किल्ल्यांचा जुडगा घेतला आणि व्हर्नाच्या समोर जाऊन उभा राहिला. त्याने भाषण पाठ केलं होतं, ते विसरला. म्हणाला, "हे घे. आता हे कुणी तुझ्याकडून काढून घेऊ शकणार नाही." आणि लहान पोरासारखा रडला. मग एकेक करून सगळे आले आणि व्हर्नाचा हात हातात घेऊन दाबत गेले. जाड हातमोज्यांतला तो हात. तिला त्यातलं एकही दाबणं कळलेलं नसणार. ती प्रत्येकाला आभार म्हणत होती, नाव घेऊन.

घरी पोचल्यावर डेलबर्टने गाडी अंगणात लावली आणि बराच वेळ उतरलाच नाही.

सकाळी मी तिच्याकडे गेले. ती दुकानात होती. सुऱ्या, आकडे, सगळं होतं तिथे परत लावून झालं होतं, आणि ओट्यावर कुणाचा तरी बैल. मी म्हटलं, मी आणि डेलबर्टने रात्रभर विचार केलाय. लिलाव राहू दे. त्या करवतवाल्याला परस्पर विकू, भट्टीलाही गिऱ्हाईक मिळेल. गावाला कळायच्या आत तू युमाला पोचलेली असशील. थँक्सगिव्हिंगला अजून वेळ आहे.

"तो करवतवाला जाताना मला कार्ड देऊन गेलाय," व्हर्ना म्हणाली. "चांगला भाव देतो म्हणाला. चांगला म्हणजे खरंच चांगला."

"मग आण ते कार्ड इकडे."

तिने सुरी खाली ठेवली. "ॲर्डिस, ती करवत मला लोकांनी दिलीय. दिलेली वस्तू विकतं का कुणी?"

"दिलीय कसली? तुझीच आहे ती. तू हाताने हाडं कापून कापून घेतलीस, मी होते तिथे."

"होती माझी," ती म्हणाली. "काल सकाळपर्यंत."

ज्या बाईने जन्मात कुणाचा एक डॉलर डोक्यावर ठेवला नाही, तिच्या डोक्यावर आम्ही एका दुपारीत सबंध गाव ठेवलं होतं. मी तिच्या जागी असते तर विकून पळाले असते. मिलोच्या नाकावर टिच्चून. पण मी तिच्या जागी असते तर तसं दुकानही उभं राहिलं नसतं.

तिने माझ्यादेखतच फिलिसला फोन लावला. आकडे फिरवायला बोट चालेना, म्हणून पेन्सिलीने फिरवले, आणि फोन खांद्याने कानाशी दाबून धरला.

"फिलिस, ते घर जाऊ दे. म्हाताऱ्याला म्हणावं दुसरं कुणी बघ." मग पलीकडचं ऐकत राहिली. "नाही, विकलं नाही गेलं... नाही गं, वाईट काही झालं नाही." पुन्हा ऐकलं. "नाही, नाही. लोक फार चांगले आहेत इथले."

तिने फोन ठेवला. ओट्यावरच्या बैलाची एक तंगडी खांद्यावर घेतली आणि थंड खोलीत जाऊन दार ओढून घेतलं.